अर्धे चित्र, पुरा निवाडा

कुमारवयीन मुलांचे मनःस्वास्थ्य आणि माध्यमसाक्षरता

१ जुलै २०१८ हा रविवार होता. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा या आदिवासी गावात त्या दिवशी आठवड्याचा बाजार भरला होता. भिक्षेकरिता गावोगाव फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तेथे आले. ते मुख्यतः सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा परिसराचे रहिवासी होते. मुले पळवणारी टोळी या भागात फिरत आहे, असे संदेश त्याआधी कित्येक दिवस लोकांच्या मोबाइलवर येत होते. संशय आला, गर्दी जमली, आणि त्या पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेऊन ठार मारण्यात आले. त्याच दिवशी आपल्या नाशिक जिल्ह्यात, मालेगावात, याच संशयावरून जमावाने पाच जणांना घेरले. त्यांत एक लहान मूल होते. पोलिसांनी त्यांना वेळीच सोडवले म्हणून ते वाचले.

कुटुंबाच्या आरोग्याला वाहिलेल्या पाक्षिकात या घटनेची आठवण कशासाठी, असे आपल्याला वाटेल. कारण असे, की राईनपाड्यात मनाची जी सवय पाच माणसांच्या जिवावर उठली, तीच सवय सौम्य रूपात आपल्या घरातील आठवी-नववीच्या मुलाच्या हातातही रोज असते. हाती आलेल्या एका तुकड्यावरून संपूर्ण माणसाचा निवाडा करणे, ही ती सवय. मूल तो निवाडा वर्गमैत्रिणीबद्दल करते, अनोळखी माणसाबद्दल करते, आणि सर्वांत कठोरपणे स्वतःबद्दल करते. झोप न लागणे, भूक मंदावणे, परीक्षा नसतानाही शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखणे अशा तक्रारी घेऊन कुमारवयीन मुले दवाखान्यात येतात. तपासणीत काही सापडत नाही. सावकाश बोलते केल्यावर कित्येकदा मुळाशी एखादे छायाचित्र, एखादा शेरा किंवा वर्गाच्या गटातून आपल्याला वगळले गेल्याचे दुःख निघते.

कापून टाकलेला शेवट

त्या काळात देशभर फिरलेली एक ध्वनिचित्रफीत आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. गल्लीत मुले खेळत आहेत. मोटारसायकलवरून दोघे येतात, एका मुलाला उचलतात आणि भरधाव निघून जातात. पाहणाऱ्याच्या छातीत धस्स होते. ही चित्रफीत बनावट नव्हती, पण अपुरी होती. मुलांच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या कराचीतील एका संस्थेने ती जनजागृतीसाठी तयार केली होती. मूळ चित्रफितीत ते दोघे परत येतात, मुलाला सुखरूप खाली ठेवतात आणि हातातील फलक दाखवतात. कराचीत मूल पळवायला क्षणभरच पुरतो, अशा आशयाचा मजकूर त्यावर असतो. हा शेवट कोणीतरी कापून टाकला. उरलेला तुकडा आपल्या गावातील, आपल्या गल्लीतील म्हणून पुढे निघाला. याच सुमारास आपल्या भागात फिरलेल्या दुसऱ्या एका संदेशात ओळीने ठेवलेल्या मृत मुलांची छायाचित्रे होती. ती ऑगस्ट २०१३ मध्ये सीरियातील घौटा येथे झालेल्या रासायनिक हल्ल्यातील मुलांची होती. छायाचित्रे खरी होती, पण त्यांना जोडलेली कथा खोटी होती.

सर्वसाधारण समज असा असतो, की खोटी बातमी म्हणजे कोणीतरी मनाने रचलेली गोष्ट. प्रत्यक्षात मनाला फसवणारी सामग्री बहुधा खऱ्याचाच कापलेला किंवा जागा बदललेला तुकडा असतो. म्हणूनच ‘डोळ्यांनी पाहिले’ एवढ्यावर विसंबता येत नाही. असा तुकडा वेगानेही धावतो. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील संशोधकांनी २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे १ लाख २६ हजार बातम्यांचा माग काढला. त्यांचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. खऱ्या बातमीला १५०० लोकांपर्यंत पोहोचण्यास खोट्या बातमीच्या सुमारे सहापट वेळ लागत होता. लोकांच्या प्रतिसादांत खोट्या बातमीविषयी आश्चर्य आणि किळस अधिक दिसली. भावना आधी उसळते आणि विचार मागाहून येतो, असा याचा अर्थ.

राईनपाड्याच्या घटनेत आणखी एक गोष्ट ध्यानी घेण्यासारखी आहे. त्या संदेशांत कोणाचे नाव नव्हते. तरीही संशय जाऊन बसला तो भिक्षा मागणाऱ्या, परक्या वेशातील, भटक्या समाजाच्या माणसांवर. ब्रिटिश सरकारने १८७१ च्या कायद्याने अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले होते. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, परंतु भटक्यांकडे संशयाने पाहण्याची नजर समाजात उरली. मोबाइलवरील तुकडा पूर्वग्रह निर्माण करत नाही. आधीपासून असलेल्या पूर्वग्रहाला तो फक्त बोट दाखवायला शिकवतो. आपल्या मुलांकडे हे पूर्वग्रह कोठून येतात, याचे उत्तर बहुधा आपल्या जेवणाच्या ताटाभोवतीच सापडते.

मुलांच्या मनात काय घडते

कुमारवयात मेंदूतील भावना आणि बक्षीस यांच्याशी संबंधित भाग लवकर प्रबळ होतात. थांबणे, तोलणे, परिणामांचा विचार करणे ही कामे पाहणारा कपाळामागचा भाग मात्र विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत राहतो. या वयात ‘सगळे माझ्याकडेच पाहत आहेत’ असे वाटणे स्वाभाविक असते. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ मध्ये याला काल्पनिक प्रेक्षक असे नाव दिले. चेहऱ्यावरची एक पुटकुळी साऱ्या शाळेला दिसते आहे, असे मुलीला वाटते ते यामुळेच. पूर्वी हा प्रेक्षक खरोखरच काल्पनिक होता. आता तो मोजता येतो. किती जणांनी पाहिले, किती जणांना आवडले आणि कोणाला आवडले नाही, हे सारे पडद्यावर दिसते.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी २०१६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. १३ ते १८ वयोगटातील ३२ मुलामुलींना मेंदूचे चित्रण सुरू असताना छायाचित्रे दाखवण्यात आली. छायाचित्रांखालील ‘लाइक’चे आकडे प्रत्यक्षात संशोधकांनीच ठरवले होते. तरीही ज्या छायाचित्राखाली मोठा आकडा दिसे, त्याला मुले अधिक पसंती देत. आपल्या स्वतःच्या छायाचित्राला भरघोस ‘लाइक’ दिसले, की मेंदूतील बक्षीसकेंद्र विशेष सक्रिय होई. धूम्रपान किंवा मद्यपानासारखी जोखमीची छायाचित्रे पाहताना संयमाशी संबंधित भागांची हालचाल घटलेली दिसली. आकडा कोठून आला हे न विचारता मन त्याच्यामागे चालू लागते, हे यातून दिसते. मुलांना याबद्दल दोष देण्याचे कारण नाही. त्या वयाची घडणच तशी आहे.

आता आपल्या मुलाच्या खात्याकडे या दृष्टीने पाहा. मोबाइलमधील वीस छायाचित्रांतून तो एक निवडतो, त्याचा उजेड बदलतो, चेहरा नितळ करतो, सोबत गाणे जोडतो. म्हणजे स्वतःच्या दिवसाचा सुरुवातीचा आणि शेवटचा भाग तोही कापतो. यात गैर काही नाही. लग्नाच्या अल्बममध्ये आपणही रुसलेली आत्याबाई ठेवत नाही. अडचण पुढे येते. स्वतःच्या छायाचित्रामागचे एकोणीस फसलेले प्रयत्न त्याला ठाऊक असतात, मित्राच्या छायाचित्रामागचे मात्र दिसत नाहीत. स्वतःचे संपूर्ण, कंटाळवाणे, गोंधळलेले आयुष्य तो दुसऱ्याच्या निवडक क्षणाशी तोलू लागतो. ही तुलना सुरुवातीपासूनच असमान असते. त्यातून ‘मीच कमी’ हा निष्कर्ष निघतो आणि हळूहळू तो मनात घर करतो.

दुसऱ्याबद्दलचा निवाडाही असाच होतो. एखाद्या मुलीने नाचाची रील टाकली म्हणजे ती ‘तसली’. एखाद्याने उत्तर दिले नाही म्हणजे तो गर्विष्ठ. एखाद्याच्या संभाषणातील दोन ओळींचे पडदाचित्र फिरले म्हणजे तो विश्वासघातकी. आधीच्या दहा ओळी कोणी मागत नाही. पूर्वी शाळेच्या मैदानावरचे भांडण घंटा झाली की संपत असे आणि चार दिवसांनी विसरलेही जाई. या वयात मुले स्वतःची ओळख शोधत असतात. आज कवी होऊन पाहतात, उद्या बंडखोर. हे वेश चढवून पाहणे निकोप वाढीसाठी आवश्यक आहे. परंतु चढवलेला प्रत्येक वेश आता जपून ठेवला जातो आणि केव्हाही समोर आणला जातो. चुकण्याची आणि बदलण्याची मोकळीक आकसते.

चित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वर्गात तोंड न उघडणाऱ्या मुलाला आपल्यासारखीच तारे पाहण्याची, चित्रे काढण्याची आवड असणारे मित्र याच माध्यमात भेटतात. मराठीत लिहिणारी, किल्ल्यांची माहिती गोळा करणारी मुले येथेच आत्मविश्वास मिळवतात. म्हणून मोबाइल हिसकावून घेणे हा या प्रश्नावरचा उपाय होऊ शकत नाही.

माध्यमसाक्षरता म्हणजे काय

अक्षरसाक्षरता म्हणजे लिहिलेले वाचता येणे. माध्यमसाक्षरता म्हणजे हाती आलेला मजकूर, चित्र किंवा आवाज कोणी, कशासाठी आणि काय वगळून तयार केला, हे विचारता येणे. आम्हा डॉक्टरांना ही शिस्त विद्यार्थिदशेतच लावली जाते. एका क्ष-किरण चित्रावरून निदान करू नये, रुग्णाचा पूर्ववृत्तांत विचारावा, तपासावे, जुने अहवाल पाहावेत. हिमोग्लोबिनचा एक आकडा संपूर्ण माणूस सांगत नाही, तसेच एक छायाचित्रही सांगत नाही.

ही शिस्त शिकवता येते का? स्टॅनफर्ड विद्यापीठातील सॅम वाइनबर्ग व सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये केलेला अभ्यास या बाबतीत उद्बोधक आहे. त्यांनी १० इतिहासतज्ज्ञ, १० व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि २५ विद्यार्थी यांना काही संकेतस्थळांची विश्वासार्हता ठरवण्यास सांगितले. इतिहासतज्ज्ञ व विद्यार्थी त्याच पानावर खिळून राहिले आणि सुबक मांडणीला अनेकदा भुलले. तथ्यतपासनीस मात्र क्षणभरात ते पान सोडून बाहेर पडले आणि या पानाविषयी इतरत्र काय म्हटले आहे ते शोधू लागले. कमी वेळात अचूक उत्तर त्यांनाच मिळाले. बुद्धी किंवा विद्वत्ता यांहून येथे सवयीचे काम अधिक होते, आणि सवय कोणत्याही मुलाला लावता येते.

आपल्या देशातही असा प्रयत्न झाला आहे. केरळच्या कन्नूर जिल्ह्यात गोवर-रुबेला लसीविषयी मोबाइलवर पसरलेल्या अफवांमुळे पालक मुलांना लस देण्यास कचरू लागले. तेव्हा जिल्हा प्रशासनाने २०१८ मध्ये सुमारे १५० सरकारी शाळांत ‘सत्यमेव जयते’ या नावाने वर्ग सुरू केले. संदेश कसा तपासावा, संतापजनक मजकूर पुढे पाठवण्यापूर्वी का थांबावे, आपल्याला हवे तेच आपल्याला का दाखवले जाते, हे मुलांना शिकवले गेले. महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरण मोहीम २७ नोव्हेंबर २०१८ रोजी, म्हणजे राईनपाड्यानंतर पाच महिन्यांच्या आत सुरू झाली. तेव्हा आपल्याकडेही अशाच अफवा फिरल्या. मोबाइलवरचा संदेश दाखवून ‘लस द्यावी का?’ असे विचारणारे सुशिक्षित पालक त्या काळी अनेक डॉक्टरांनी पाहिले आहेत. कोणत्या तुकड्यावर विश्वास ठेवायचा, हा प्रश्न असा थेट मुलाच्या दंडापर्यंत येऊन पोहोचतो.

येथे एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. माध्यमसाक्षरतेचा अर्थ ‘काहीच खरे नसते’ असा नव्हे. सर्वांवर अविश्वास ठेवणारे मूल सर्वांवर विश्वास ठेवणाऱ्या मुलाइतकेच असुरक्षित असते. ते डॉक्टरांवर, शिक्षकांवर आणि संकटात सापडलेल्या मित्रावरही विश्वास ठेवेनासे होते. तसेच ही नवी विद्या दुसऱ्याला हिणवण्यासाठी वापरण्याचा मोह मुलांना होतो. ‘तुझा फोटो फिल्टरचा आहे’ असे चारचौघांत म्हणणारा मुलगा तपास शिकला, पण माणुसकी शिकला नाही. म्हणून तपासाची सुरुवात आपल्याला आवडलेल्या, पटलेल्या मजकुरापासून करायला शिकवावे. ज्यावर आपला चटकन विश्वास बसतो, तेथेच आपण सर्वाधिक फसतो.

घरात काय करता येईल

व्हॉट्सॲपने जुलै २०१८ मध्ये पुढे पाठवलेल्या संदेशांवर तशी खूण दाखवण्यास सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पाठवण्याची मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये वारंवार फिरलेल्या संदेशांसाठी ती एका ठिकाणापुरती आणली. त्याच एप्रिलमध्ये पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे चोर फिरत असल्याच्या अफवांच्या वातावरणात दोन साधू व त्यांचा वाहनचालक जमावाच्या हाती मारले गेले. तांत्रिक मर्यादा उपयोगी असतात, पण मनाला थांबायला शिकवण्याचे काम घरालाच करावे लागते. त्यासाठी पुढील गोष्टी करून पाहाव्यात.

१. चार प्रश्न घरात रुळवावेत. हे कोणी टाकले? हे कधीचे व कोठले आहे? याच्या आधी आणि नंतर काय झाले असेल? हे पाहून मला राग, भीती किंवा हेवा वाटावा, यात कोणाचा लाभ आहे? जेवताना एखादा संदेश घेऊन सर्वांनी मिळून हे प्रश्न विचारावेत. मुलांची परीक्षा घेतल्यासारखे विचारू नयेत.

२. भावना उसळली की थांबावे. संताप किंवा किळस वाटली की तो मजकूर दहा मिनिटे तसाच ठेवावा आणि दुसऱ्या ठिकाणी शोधावा. छायाचित्र मूळचे कोठले हे शोधण्याची सोय मोबाइलमध्ये असते. बहुधा मुलेच ती आपल्याला शिकवतील. त्यांना शिकवू द्यावे.

३. माणसाविषयीचा तुकडा असेल तर त्या माणसाला विचारावे. वर्गमैत्रिणीबद्दल काही फिरत असेल, तर गटात मत देण्याऐवजी तिला एकटीला ‘तू ठीक आहेस ना?’ एवढे विचारणे हे आपल्या मुलाने शिकण्यासारखे सर्वांत मोठे कौशल्य आहे.

४. स्वतःच्या ओळखीविषयी बोलावे. ‘हे का टाकलेस?’ असा जाब विचारण्याऐवजी ‘हे पाहून लोकांना तुझ्यातले काय कळावे असे तुला वाटते? आणि तुझ्यातले काय यात आलेले नाही?’ असे विचारावे. आपण दाखवतो त्याहून आपण मोठे आहोत हे मुलाला उमगले, की आकड्यांची पकड सैल होते. इतरही दाखवतात त्याहून वेगळे असतील, हेही त्याला सुचू लागते.

५. मोठ्यांनी आधी स्वतःला तपासावे. न वाचता पुढे पाठवलेला काढ्याचा उपाय, रस्त्यावरच्या फकिराबद्दल केलेला शेरा, शेजारच्या मुलीच्या रीलवर व्यक्त केलेले मत, मुलाला न विचारता नातेवाइकांच्या गटात टाकलेली गुणपत्रिका, हे सारे मुले पाहतात. आमच्या नाशिकमध्ये कुंभमेळ्याच्या काळात देशभरातून लाखो अनोळखी माणसे, साधू, फिरस्ते येतात. सिंहस्थाच्या दिवसांत आपल्या गटांत येणाऱ्या प्रत्येक ‘सावधान’ संदेशाशी आपण कसे वागतो, तोच मुलांचा खरा धडा असेल.

६. झोपेच्या किमान एक तास आधी घरातील सर्वांचे मोबाइल शयनगृहाबाहेर ठेवावेत. थकलेले मन तुकड्यावर लवकर विश्वास ठेवते आणि स्वतःवर लवकर रुसते.

डॉक्टरांकडे केव्हा यावे

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप किंवा भूक बदललेली असणे, आवडत्या गोष्टीही नकोशा होणे, शाळा टाळणे, गुणांत अचानक घसरण, आरशाची किंवा जेवणाची धास्ती, मोबाइल वाजताच दचकणे, ‘मी नसतो तर बरे झाले असते’ अशी भाषा, यांपैकी काहीही दिसल्यास कुटुंबाच्या डॉक्टरांना भेटावे. शेवटचे लक्षण दिसल्यास त्याच दिवशी भेटावे आणि मुलाला एकटे ठेवू नये. केंद्र सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. संकटातील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. मुलाचे आक्षेपार्ह छायाचित्र, खरे किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेले, कोणी फिरवत असेल तर पुरावा म्हणून खात्याचे नाव, दुवा, तारीख व वेळ जपून पोलिसांकडे किंवा सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार करावी. ते चित्र दाखवण्यासाठीही कोणाला पाठवू नये. १८ वर्षांखालील मुलांचे लैंगिक स्वरूपाचे चित्रण बनवणे किंवा प्रसृत करणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा आणि २०१२ चा पॉक्सो कायदा यांनुसार गुन्हा आहे. आपल्या मुलाने असे काही केवळ पुढे पाठवले असेल, तरी त्याला याची गंभीरता समजावून सांगावी. मारझोड करू नये. घाबरलेले मूल पुढच्या वेळी आपल्याला सांगणार नाही.

आज रात्री जेवताना एक करून पाहावे. घरातील प्रत्येकाने आपल्या मोबाइलमधील एक छायाचित्र दाखवावे आणि त्या छायाचित्रात न आलेली एक गोष्ट सांगावी. त्या दिवशी पाऊस होता, बाबांना बरे नव्हते, हसण्याआधी भांडण झाले होते, असे काहीही. आजी-आजोबांनाही यात घ्यावे. दहा मिनिटे पुरतात, आणि चौकटीबाहेर पाहण्याची मुलांची सवय तेथून सुरू होते.